वॅगन हलकी झाली, हमाली तेवढीच

चिमूरला रेल्वे नाही. पश्चिमेला वरोरा, पूर्वेला नागभीड. इथल्या गिरणीतला तांदूळ रेल्वेनं पाठवायचा म्हटलं तरी तो आधी ट्रकमध्येच चढतो. मग धक्क्यावर उतरवा, वॅगनमध्ये थप्पी लावा, आणि पलीकडच्या स्टेशनावर पुन्हा हाच खेळ उलटा. रस्त्यानं जाणारा ट्रक एकदाच भरतो आणि थेट व्यापाऱ्याच्या दारात उतरवतो. रेल्वे हरते ती या चढउतारीत, रुळांवर नव्हे.

आता नव्या वॅगनींकडे बघू. 16 ऑक्टोबर 2022 ला भुवनेश्वरहून ॲल्युमिनियमच्या 61 वॅगनींची गाडी सुटली. जुन्या गाडीपेक्षा 180 टन हलकी! कारागिरी म्हणून आम्हीही दाद देतो. पण ती तळातून कोळसा सोडणारी वॅगन आहे, आणि कोळसा हे तर रेल्वेचं जुनंच गिऱ्हाईक. त्याआधी बॉक्सएनची बॉक्सएनएचएल झाली, तेव्हाही रिकाम्या डब्याचं वजन साडेबावीस टनांवरून 20.6 टनांवर आलं. ती वॅगनही उघडीच. कोळसा भिजला तर चालतो हो, तांदूळ कसा चालेल? शिवाय कोळशाची वॅगन एकदा खाली झाली की बहुधा रिकामीच परतते. त्या परतीच्या फेरीत काय भरता येईल, याचा विचार नकाशा काढतानाच व्हायला हवा होता.

याउलट कोकण रेल्वेनं 1999 मध्ये कोलाड ते वेर्णा रो-रो सुरू केली. साधी सपाट वॅगन, तिच्यावर भरलेला ट्रकच चढवायचा. पोत्याला कुणी हात लावत नाही. ट्रकचं स्वतःचं वजनही सोबत ओढावं लागतं, हा तोटा आहेच; पण गिऱ्हाइकाची खरी अडचण तिथे कुणीतरी ओळखली.

आमच्या भागाला हवी आहे ती सुटी, बंद पेटी: गिरणीच्या अंगणात भरायची, ट्रकवरून नागभीडला न्यायची आणि तशीच वॅगनवर सरकवायची. बंदरातले कंटेनर आहेतच की, असं कुणी म्हणेल. पण ते उचलायला क्रेन किंवा मोठं यंत्र लागतं, आणि तालुक्याच्या धक्क्यावर ते कोण आणून ठेवणार? पेटी लहान असावी, ट्रकवरून आडवी ढकलता यावी, आणि गाडीभर माल जमेपर्यंत थांबायची पाळी येऊ नये. चार वॅगनी भरल्या तर चारच जोडाव्यात. रेल्वेला हे कटकटीचं वाटेल. गिरणीवाल्याला मात्र फोन केल्यावर संध्याकाळी दारात उभा राहणारा ट्रक ठाऊक आहे.