'कंटेजन'ने गाळलेली प्रयोगशाळा

स्टीव्हन सोडरबर्गचा 'कंटेजन' (२०११) कोविडच्या काळात जगभर पुन्हा पाहिला गेला. 'किती खरा निघाला!' असं जो तो म्हणत होता. अफवा, सामूहिक दफनं, लशीसाठी जन्मतारखांची सोडत, यात तो खरा वाटतोही. मला खटकतो तो मात्र त्यातला सगळ्यात लाडका प्रसंग.

लस दिलेलं एक माकड जगतं. माणसांवरच्या चाचण्यांना वेळ लागणार, म्हणून डॉ. हेक्स्टॉल ती लस स्वतःलाच टोचून घेते आणि आजारी वडिलांसमोर जाऊन मास्क काढते. तिला काही होत नाही. झाली लस सिद्ध! जेनिफर एलीचा अभिनय इतका संयत आहे की शंका घ्यायचं सुचतच नाही. पण याच सिनेमात मॅट डेमनचा मिच लस न घेताही आजारी पडत नाही. मग हेक्स्टॉल वाचली ती लशीमुळे, की मिचसारखीच? सिनेमा हा प्रश्न विचारतच नाही.

खऱ्या साथीत तो विचारावाच लागतो. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या इबोलाच्या साथीत झीमॅप हे औषध मोजक्या रुग्णांना दिलं गेलं. काही बरे झाले आणि औषधाचा गवगवा झाला. नोव्हेंबर २०१८ मध्ये पूर्व काँगोत झीमॅपसह चार औषधांची चाचणी सुरू झाली. त्यात रेमडेसिविरही होतं. हो, आपण कोविडमध्ये ज्यासाठी रांगा लावल्या तेच.

कोणतं औषध कोणाला, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरायचं. पण आधी रक्तात विषाणू किती, हे कळायला हवं. यंत्राला तो सापडायला जितक्या कमी फेऱ्या, तितका विषाणू जास्त. २२ फेऱ्यांची रेघ आखून रुग्णांचे दोन गट केले, म्हणजे जास्त विषाणू असलेले रुग्ण एकाच औषधाच्या वाट्याला जायला नकोत. आता समजा, एकाच रक्ताला बेनीचं यंत्र २१ म्हणालं आणि बुटेम्बोचं २४, तर सगळी तुलनाच कोसळते. म्हणून सगळीकडे एकच पद्धत, तयार हात, न चुकणारी लेबलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये काटवा आणि बुटेम्बोच्या उपचारकेंद्रांवर हल्ले झाले, तरी चाचणी पुढे चालू राहिली.

निकाल? २८ दिवसांत झीमॅप घेतलेल्यांपैकी जवळपास निम्मे दगावले, रेमडेसिविर घेतलेल्यांपैकी ५३ टक्के. उरलेल्या दोन औषधांमध्ये हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या आसपास होतं. त्यातलं एक १९९५च्या साथीतून वाचलेल्या माणसाच्या रक्तातून घडलेलं.

लेबलं चिकटवणारे हात पडद्यावर कंटाळवाणे दिसतील, हे मान्य. पण सिनेमा हेक्स्टॉलच्या धाडसालाच पुरावा ठरवतो, आणि तिथे मी त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही. धाडसाने औषध घेता येतं. ते चालतं का, हे कळायला तुलना लागते. तुलनेत झीमॅप मागे पडलं, हे कळलं म्हणून पुढच्या रुग्णांना चांगलं औषध मिळालं.