चेकसम जुळला, नोंद मात्र हरवली

परवा एका ज्युनिअरने विचारलं, "दादा, औषध कंपन्यांची जुनी सबमिशन्स डेटा म्हणून घेतली तर चालतील का? आता सगळं नव्या अर्काइव्हमध्ये आहे, म्हणजे विश्वासार्हच ना?" सिनॉप्सिस लिहिताना तुमच्याही मनात हे येईल. म्हणून आज एका रिपोर्टची समीक्षा करतो. तो तयार करणाऱ्यांत मीही होतो, त्यामुळे टीका घरापासूनच सुरू होते.

पीएचडीला येण्याआधी मी दोन वर्षं एका औषध कंपनीच्या रेग्युलेटरी विभागात होतो. तिथे जुन्या नोंदी नव्या इलेक्ट्रॉनिक अर्काइव्हमध्ये हलवल्या. शेवटी जाडजूड व्हॅलिडेशन रिपोर्ट निघाला. जितक्या फाईली निघाल्या तितक्या पोचल्या, प्रत्येकीचा चेकसम जुळला, मायग्रेशन यशस्वी. खाली सह्या. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. अडचण तिथेच आहे.

आधी नोंद म्हणजे काय ते बघू. वेर्ण्यातल्या कारखान्यात बनलेली जेनेरिक गोळी अमेरिकेत विकायची, तर अर्ज ईसीटीडी स्वरूपात द्यावा लागतो. एफडीएने नव्या आणि जेनेरिक औषधांच्या अर्जांसाठी ते ५ मे २०१७ पासून बंधनकारक केलं. त्यात पाच मॉड्यूल असतात: प्रशासकीय, सारांश, गुणवत्ता, नॉन-क्लिनिकल, क्लिनिकल. इथवर तुम्हाला माहीत असेल. पण अर्ज एकदाच जात नाही. वर्षानुवर्षं सिक्वेन्स जात राहतात, ०००१, ०००२ असे, आणि प्रत्येकात फक्त नवं किंवा बदललेलं असतं. सोबतच्या एक्सएमएल फाईलमध्ये प्रत्येक कागदाविषयी लिहिलेलं असतं की तो नवा आहे, जुन्याला जोडायचा आहे, जुन्याच्या जागी आला आहे, की जुना काढून टाकतो आहे. कुठल्या जुन्याच्या? त्याचा पत्ता सध्या सर्रास वापरात असलेल्या ३.२.२ आवृत्तीत फोल्डरच्या वाटेने दिलेला असतो. म्हणजे साधारण असा: एक पायरी वर जा, ०००३ मध्ये शिर, तिथल्या इंडेक्समधली अमुक आयडीची नोंद धर.

आमचं नवं अर्काइव्ह उत्पादन आणि कागदाचा प्रकार यांनुसार लावलेलं होतं. शोधायला सोपं, म्हणून सगळे खूश. सिक्वेन्सचे फोल्डर त्यात विरघळले. पीडीएफ शाबूत. एक्सएमएलसुद्धा शाबूत, 'इतर' नावाच्या कप्प्यात. फक्त तिच्यातला एकही पत्ता आता कुठे पोचत नव्हता.

समजा, ०००३ मध्ये एका गोळीची मुदत २४ महिने लिहिली होती आणि ००११ मध्ये तो कागद बदलून १८ केली. नव्या अर्काइव्हमध्ये शोधा. दोन्ही कागद समोर येतात, शीर्षक तेच, आणि तारीखही तीच, मायग्रेशनची! आमच्याकडे ऑडिटरने जवळपास असंच विचारलं: त्या दिवशी कोणतं स्पेसिफिकेशन लागू होतं? उत्तर चार दिवसांनी मिळालं, जुन्या सर्व्हरवरून. तो सर्व्हर पुढच्याच महिन्यात बंद होणार होता.

आता रिपोर्टकडे परत या. चेकसम फाईलमधल्या बाइट्सवरून काढतात, शेजारच्या फाईलशी तिचं नातं काय हे त्याला कळत नाही. आयसीएचच्या २०१६ च्या जीसीपी सुधारणेत प्रमाणित प्रतीची व्याख्या आहे: संदर्भ, आशय आणि रचना सांगणाऱ्या माहितीसकट ती मूळ नोंदीसारखी हवी. ती व्याख्या क्लिनिकल ट्रायलपुरती आहे, पण कसोटी म्हणून इथेही चपखल बसते. आमच्या रिपोर्टने तिघांपैकी फक्त आशय सिद्ध केला आणि निष्कर्षात तिन्हींचं श्रेय घेतलं.

दुसरी चूक तुमच्या जास्त कामाची आहे. आम्ही सॅम्पल काढलं होतं, तेही रँडम. पण एकेका फाईलचं! सुट्या फाईली उघडून तुटलेलं नातं कसं दिसणार? सॅम्पल कितीही वाढवा, एकक चुकलं की उत्तर चुकणारच. मेथडॉलॉजीच्या पेपरात 'विश्लेषणाचं एकक' आपण पाठ करतो ना, ते हेच. (मीही तेव्हा पाठच केलं होतं.)

कोणी म्हणेल, सिक्वेन्स आहेत तसे आयात केले असते तर व्ह्यूअरने चालू चित्र आपोआप दाखवलं असतं. बरोबर. तो पर्याय टेबलावर होता, लायसन्सच्या खर्चामुळे मागे पडला. रिपोर्टमध्ये त्याचा उल्लेखही नाही. ४.० आवृत्तीत, जिच्यातले नवे अर्ज एफडीए १६ सप्टेंबर २०२४ पासून घेते, नाती फोल्डरच्या वाटेऐवजी स्वतंत्र ओळखक्रमांकांवर उभी आहेत. चांगलंच आहे. पण जुने अर्ज तिकडे न्यायचे म्हटले की हाच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

तर ज्युनिअरला काय सांगितलं? वापर, पण अर्काइव्हचा व्हॅलिडेशन रिपोर्ट आधी मागून घे आणि त्यात सॅम्पलचं एकक काय आहे ते बघ. मग एका उत्पादनाची एक्सएमएल घे, 'बदलला' अशा सगळ्या नोंदी काढ आणि प्रत्येक साखळी पहिल्या कागदापासून शेवटच्यापर्यंत अर्काइव्हमध्ये चालून जा. त्याने तीन दिवस लावले. पहिलीच साखळी तिसऱ्या कडीला तुटली, आणि आता त्याच्या सिनॉप्सिसचं शीर्षक बदलतंय.