कांद्याच्या मुळात न दिसणारे विभाजन

इयत्ता दहावीच्या, २०१८ साली आलेल्या विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या पुस्तकातील (भाग २) पेशीविभाजनाचा पाठ आम्ही पुन्हा वाचला. पूर्वावस्थेपासून अंत्यावस्थेपर्यंतचे टप्पे नीट दिले आहेत. सूत्री विभाजन कशासाठी, तर शरीराची वाढ, झीज भरून काढणे, जखमा बऱ्या होणे. चूक काही नाही. मात्र हे विभाजन बिघडले तर काय, हा प्रश्न तिथे येत नाही.

गर्भाच्या मेंदूत आरंभी मूलपेशी एकीच्या दोन, दोनांच्या चार अशा दुप्पट होत जातात. पुढे विभाजनाची तऱ्हा बदलते. दोन कन्यापेशींपैकी एक मूलपेशीच राहते, दुसरी चेतापेशी होण्याच्या मार्गाला लागते. चेतापेशी पुन्हा विभाजित होत नाही, म्हणून आरंभीचा साठा महत्त्वाचा. दुप्पट होण्याची एक फेरी हुकली तर साठा निम्माच राहतो. हे गणित फळ्यावर दोन मिनिटांत होते. पाठातील आकृतीत मात्र दोन्ही कन्यापेशी सारख्याच.

प्रात्यक्षिकाची गंमत आणखी वेगळी. आपल्या वैजापूर-लासूरकडे कांद्याला तोटा नाही. शाळेत मुळाचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवणे सोपे. पण कांद्याच्या पेशीत तारककाय नसतो! आणि जन्मतः मेंदू लहान असण्याच्या आनुवंशिक विकारात सर्वाधिक आढळणारा दोष असतो तो 'एएसपीएम' या जनुकात. या जनुकाचा विकाराशी असलेला संबंध २००२ साली उघड झाला. त्याचे प्रथिन तर्कूच्या टोकांशी, तारककायाजवळच काम करते. ते बिघडले की मूलपेशींचा साठा पुरेसा वाढत नाही. झिका विषाणूही याच मूलपेशींत शिरतो, त्यांचे विभाजन अडवतो आणि त्या मरतात. ब्राझीलची गोष्ट म्हणून हे सोडून देता येत नाही. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसरला राज्यातला पहिला रुग्ण सापडला, २०२४ मध्ये पुण्यात गर्भवतींनाही लागण झाली.

असे मूल जन्माला आले की आपल्याकडे बोट आईकडे जाते. म्हणे, तिने ग्रहण पाळले नाही! वास्तविक या आनुवंशिक विकारात सदोष जनुकाची एकेक प्रत आई आणि वडील दोघांकडून आलेली असते. आते-मामे भावंडांच्या लग्नात ही शक्यता वाढते. आनुवंशिकतेचा पाठ त्याच पुस्तकात आहे, पण दोहोंची गाठ कोणी घालून दिलेली नाही. ती शिक्षकांनीच घालावी. कांद्याची काचपट्टी पाहून झाली की शेजारी तारककाय असलेली प्राणिपेशी काढावी आणि मुलांना विचारावे, या टोकाशी काही बिघडले तर?