फक्कीवरची दोन पावलं

चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की सोलापूरच्या मैदानावर काय, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियममध्ये काय, बघणाऱ्यांची नजर जरा सैल पडते. जाणकार मात्र नेमका तेव्हाच खाली बघतो, थ्रो घेणाऱ्याच्या बुटांकडे.

फुटबॉलचा पंधरावा नियम सांगतो की चेंडू सुटताना दोन्ही पावलांचा थोडा तरी भाग जमिनीला टेकलेला हवा, तोही रेषेवर किंवा रेषेबाहेर. रेषा असते जास्तीत जास्त १२ सेंटीमीटर रुंद. मुरलेला खेळाडू त्यातला बोटभरही वाया घालवत नाही: टाच फक्कीवर आणि चवडा सरळ मैदानात. कडेचे लोक 'फाऊल थ्रो' म्हणून ओरडतात, पंच शिट्टीला हात लावत नाही. पंचाचंच बरोबर असतं. नियमाची एवढी बारीक जाण पायात उतरलेली बघणं मला एखाद्या गोलाइतकंच सुखाचं वाटतं.

पण खरी कलाकुसर मागच्या पायाची. धावत येऊन पुढचं पाऊल रोवलं की अंगाचा सगळा वेग कमरेतून, ताणलेल्या पाठीतून खांद्यांकडे चढतो. त्या ओढीनं मागचा पाय उचलला जाणारच. टाच उचलली तर हरकत नाही, बुटाचं टोक मात्र सुटता कामा नये. म्हणून तयार खेळाडू ते टोक मातीतून ओढत आणतो. थ्रो झाल्यावर मागे जाऊन बघा, फक्कीच्या अलीकडे वीतभर ओरखडा उठलेला दिसेल. तो सलग असेल आणि शेवटाकडे बारीक होत गेलेला असेल, तर समजावं की वेगही राखला आणि नियमही. ओरखडा मध्येच तुटला असेल, तर पाऊल हवेत गेलं होतं. आपल्या मुलांना हे अवघड जातं, याचं एक कारण मला कबड्डीत दिसतं. तिथे बोनस घेताना एक पाय रेषेपलीकडे टेकवायचा आणि मागचा हवेत असायलाच हवा. इथे तोच मागचा पाय उचलला की थ्रो समोरच्या संघाकडे जातो.

स्टोक सिटीचा रोरी डेलॅप शाळेत भालाफेक करायचा. त्याचे थ्रो थेट गोलतोंडाशी पडत. लोक त्याचे खांदे वाखाणत. मी पुन्हा पुन्हा बघतो ते भरधाव येऊन रेषेशी गच्च थांबणारे त्याचे पाय. थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो, त्यामुळे असा लांब थ्रो बचावफळीची झोप उडवतो.

कोलांटी घेऊन केलेला थ्रो म्हणजे याच विद्येची परमावधी. चेंडू जमिनीला टेकवून त्याच्यावरून अंग उलटायचं, आणि चेंडू सुटण्याआधी दोन्ही पावलं रेषेच्या बाहेर एकदम उतरवायची. २०१८च्या विश्वचषकात स्पेनविरुद्ध, अगदी शेवटच्या क्षणी, इराणच्या मिलाद मोहम्मदीनं ही कोलांटी घेतली, पण चेंडू सोडला नाही. मागे सरून साधाच थ्रो केला. लोक हसले. मला मात्र त्यात थांबण्याची समज दिसली. डेन्मार्कच्या थॉमस ग्रोनेमार्कनं २०१०मध्ये याच पद्धतीनं ५१.३३ मीटरचा विक्रम केला, आणि २०१८मध्ये लिव्हरपूलनं त्याला खास थ्रो-इन शिकवायला बोलावलं. तोवर थ्रो-इनसाठी वेगळा गुरू असतो, हेच कित्येकांना ठाऊक नव्हतं.