इलियाची कचेरी

"तुम्ही बँकेत होता ना? मग बँकेवर का नाही लिहीत?"

माझे लेख जितक्या जणांनी वाचले असतील त्यापेक्षा हा प्रश्न विचारणारे जास्त भरतील. आणि त्यांचं चुकतंय असंही नाही. माझ्या लेखांत घरचं मांजर येतं, वरच्या मजल्यावरचा पेटीवाला येतो, आमच्या हिच्या माहेरचं लोणचं तर वर्षाआड येतं. ज्या काउंटरमागे 38 वर्षं बसलो, ते मात्र कुठंच येत नाही. संपादक म्हणतात, "अहो, खरा माल तर तुम्ही गोडाऊनमध्येच ठेवलाय!"

यावर माझ्याकडे एक छापील उत्तर असतं. राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरीला लागताना निष्ठा आणि गुप्तता पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. मीही 1981 साली केली. समोरचा मनुष्य हे ऐकून गंभीर होतो. कोणा मंत्र्याची खाती माझ्या छातीत दडलेली आहेत असं त्याला वाटत असावं. प्रत्यक्षात आमच्या शाखेत सर्वांत मोठं खातं एका गुळाच्या व्यापाऱ्याचं होतं.

खरं उत्तर जरा लांबचं आहे. त्यात एक इंग्रज कारकून आहे आणि एक आमचे हेडकॅशिअर आहेत.

इंग्रज कारकून म्हणजे चार्ल्स लॅम. बी. ए.ला त्याचे 'एसेज ऑफ इलिया' नेमले होते. ललित निबंधाचा हा मूळपुरुष. आपल्याकडे फडके, खांडेकर, काणेकर यांनी जो लघुनिबंध रुजवला, त्याची कुंडली मांडायला बसलं तर हा गृहस्थ पणजोबांच्या घरात सापडतो. फडके कॉलेजात शिकवत, खांडेकर शिरोड्याच्या शाळेत शिकवत. पणजोबा मात्र अस्सल कारकून! लंडनच्या लीडनहॉल स्ट्रीटवर ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत, हिशेबखात्यात, 1792 ते 1825 अशी तेहतीस वर्षं तो खर्डेघाशी करीत होता. कचेरीत उशिरा येतोस म्हणून कोणी टोकलं तेव्हा "पण मी जातो किती लवकर!" असं म्हणाल्याची आख्यायिका आहे. ती खोटी असली तरी मी सोडणार नाही. बँकेत असताना तिचा फार आधार वाटायचा.

आता गंमत पाहा. त्याच्या तेहतीस वर्षांच्या हिशेबवह्यांत आपला देश होता. 1817 साली इकडे शनिवारवाड्यावर कंपनीचं निशाण लागलं, 1818 साली दुसरा बाजीराव शरण गेला, पेशवाई बुडाली. तिकडे हे चिरंजीव त्याच कंपनीत रकान्यांच्या बेरजा मारीत होते. मी तरुणपणी 'इलिया' मोठ्या आशेनं उलटापालटा केला, निदान एका ओळीत तरी पुणं सापडेल म्हणून. भाजलेलं डुक्कर आहे, चिमण्या साफ करणारी पोरं आहेत, चिनी मातीचे कप आहेत. पुणं नाही. कंपनीबद्दल तोंडातून अवाक्षर काढायचं नाही हे त्यानं इतकं मनावर घेतलं होतं!

पण म्हणून त्यानं कचेरीवर लिहिलंच नाही असं मात्र नाही. पहिलाच निबंध कचेरीवर आहे. ती कचेरी मात्र दुसरी. कंपनीत लागण्यापूर्वी पोरवयात तो साउथ सी हाउस नावाच्या, मरायला टेकलेल्या एका पेढीत काही महिने उमेदवारी करीत होता. 1820 साली, म्हणजे ती सोडल्यावर अठ्ठावीस वर्षांनी, त्यानं तिच्यावर लिहिलं. सुरुवातीचं त्या ओसाड इमारतीचं वर्णन, खरं सांगू का, जरा रेंगाळतं. पण एकदा माणसं आली की पुस्तक खाली ठेववत नाही. तिथला एक कॅशिअर आहे, इव्हान्स. जगातले सगळे कॅशिअर अफरातफर करतात, आणि आपल्याही हातून ती एक दिवस होणार, या धास्तीनं सकाळभर त्याचा चेहरा पडलेला. तो चेहरा जरा उजळायचा तो दुपारी दोन वाजता, खाणावळीत, ताटलीतलं मांस पुढ्यात आलं की.

हा इव्हान्स वाचला आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. असाच एक आमच्या शाखेत होता की!

1994 सालच्या एका दिवाळी अंकात मी आमच्या हेडकॅशिअरांवर लेख लिहिला. नाव घातलं नव्हतं, पण शाखेत हेडकॅशिअर एकच असतो. स्ट्राँगरूमला कुलूप लावून ते जिन्यापर्यंत जात, परत येऊन कुलूप ओढून पाहत, पुन्हा जिन्यापर्यंत जात, पुन्हा येत. बोट ओलं करून नोटा मोजताना ओठ कसे हलत, तेही लिहिलं. लेख कँटीनमध्ये मोठ्यानं वाचला गेला. लोक पोट धरून हसले. हेडकॅशिअरही हसले. त्या फुशारकीत मी पंधरा दिवस होतो.

मग एका शनिवारी हाफ डे संपल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. त्यांच्या मुलीची सोयरीक चालली होती. व्याह्यांच्या घरी तो अंक होता. लेखात मी कुलपाच्या त्या सवयीचं कारणही दिलं होतं: पूर्वी एकदा त्यांच्या कॅशमध्ये पाच हजार कमी आले होते. बँकेत कॅश कमी भरली की कॅशिअर पदरचे भरतो. यांनी बायकोच्या पाटल्या विकून भरले होते. पाटल्यांचं मला ठाऊक नव्हतं, म्हणून ते लेखात नव्हतं. नुसतं 'पाच हजार कमी आले' एवढंच होतं.

"दोन तास बसून समजावलं त्यांना," हेडकॅशिअर म्हणाले, "की कमी आले म्हणजे मी खाल्ले असं नव्हे."

एवढंच बोलले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून डब्यातली शेंगदाण्याची चटणी माझ्याकडे सरकवायची मात्र बंद झाली.

तेव्हा मी इलिया पुन्हा काढला. आपण काय चोरलं आणि काय चोरायचं राहिलं, ते पाहायला. इव्हान्सच्या तिजोरीत किती रक्कम होती, कधी हिशेब चुकला होता का, याचा त्यात पत्ताच नाही. त्याची भीती आहे, आणि दोन वाजताचं जेवण आहे. भीती कोणाचीही असते, पाच हजार एकाचेच असतात. शिवाय ती माणसं तेव्हाच म्हातारी होती. अठ्ठावीस वर्षांनी कुणाची सोयरीक मोडायची? आणि तरीही शेवटी हा लबाड वाचकाला विचारतो, मी तुम्हाला बनवत असलो तर? ही नावं, ही माणसं मनातलीच असली तर? प्रत्यक्षात ती खरी होती. पुढे अभ्यासकांना त्या पेढीच्या नोंदींत नावंही सापडली. लोक खोटं लिहून खऱ्याचा आव आणतात, यानं खरं लिहून खोट्याचा आणला. फक्त 'इलिया' हे नाव त्यानं तिथल्या एका इटालियन कारकुनाकडून न विचारता उचललं होतं. पुढे त्याला भेटून दोघांनी मिळून हसावं म्हणून गेला, तर तो गृहस्थ अकरा महिन्यांपूर्वी क्षयानं गेलेला. एवढं जपणाऱ्याचंही एक देणं राहिलंच.

पेन्शनीत निघाल्यावर त्यानं आपल्या निवृत्तीवर लिहिलं, त्यातही ईस्ट इंडिया कंपनी नाही. तिथं एक बनावट व्यापारी पेढी आहे, भागीदारांची लांबलचक नावं आहेत, तेहतिसाची छत्तीस वर्षं केली आहेत. पण मोकळ्या झालेल्या माणसाला सोमवार आणि बुधवार यांतला फरक कळेनासा होतो, ते सगळं खरं आहे. मी 2019 साली निवृत्त झालो तेव्हा ताडून पाहिलं.

आणि कचेरी ही तर किरकोळ गोष्ट. 1796 साली त्याच्या बहिणीनं, मेरीनं, वेडाच्या झटक्यात आईला सुरीनं मारलं. तो एकवीस वर्षांचा होता. तिला जन्मभर सांभाळण्याची हमी त्यानं घेतली आणि मरेपर्यंत पाळली. निबंधांत ती आहे, पण 'ब्रिजेट' नावाची चुलतबहीण म्हणून. चहा पीत बसलेली, आपण गरीब होतो तेव्हा खरेदीत किती मजा यायची ते आठवणारी. त्या सुरीचं नाव कुठं नाही. वाचणाऱ्याला मात्र वाटतं, या माणसाचं घर आपल्याला आतपर्यंत ठाऊक आहे. आमच्या पिढीतल्या ललित लेखकांनी (मीही त्यात आलो) 'मी, मी' करून पानं भरली, बायकोची चेष्टा केली, मित्रांचे डबे उघडले, आणि त्याला मोकळेपणा म्हटलं. चेष्टा सोपी असते हो, दुसऱ्याची.

परवा संपादकांचा पुन्हा फोन आला. आता निवृत्त झालात, आता तरी बँकेवर लिहा म्हणाले. मी दोन दिवस मागितले आणि सांगलीला फोन लावला. हेडकॅशिअर आता 83 वर्षांचे आहेत, मुलीकडे असतात. फोन तिनंच घेतला. माझं नाव ऐकून म्हणाली, "काका, पुन्हा लिहिताय की काय?"

"विचारायलाच फोन केलाय," मी म्हटलं. "अण्णांना दे."

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं फोन तुटला.

"लिहा," ते म्हणाले. "पण त्या वेळी तुम्ही लिहिलं होतं की मी बोटाला थुंकी लावून नोटा मोजायचो. ते दुरुस्त करा. स्पंज होता. ओला स्पंज. हिरव्या डबीतला."