राइट बंधूंचा १९०८ चा लेख आणि प्रोपेलरनिवडीचा विचार : एक चिकित्सा

प्रस्तावना : ऑर्व्हिल व विल्बर राइट यांचा आपल्या विमानाविषयीचा लेख सप्टेंबर १९०८ मध्ये ‘सेंच्युरी’ या अमेरिकन मासिकात प्रसिद्ध झाला. इतिहासाचे साधन म्हणून त्याचे मोल निर्विवाद आहे. तथापि, प्रोपेलरच्या निवडीमागील विचाराचे लेखन म्हणूनही त्याची चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

विवेचन : जहाजांच्या प्रोपेलरचे शास्त्र आयते मिळेल, ही राइट बंधूंची अपेक्षा फोल ठरली; हाती आली ती केवळ अनुभवजन्य सूत्रे. तेव्हा प्रोपेलर म्हणजे मळसूत्री मार्गाने जाणारा विमानाचा पंखच होय, ही कल्पना त्यांनी स्वीकारली. हीच लेखाचा गाभा आहे. पात्याचा कोन, फिरण्याची गती, विमानाचा वेग आणि मागे सरणारी हवा परस्परावलंबी असल्याने एक ठरल्याशिवाय दुसरे ठरत नाही, ही अडचण लेख लपवीत नाही. वाद घालता घालता दोघा भावांनी एकमेकांची बाजू घेतल्याचा उल्लेख म्हणूनच गमतीपुरता राहत नाही. तो त्यांच्या पद्धतीचे दर्शन घडवितो.

दोन प्रोपेलर योजण्याचे एक कारण म्हणजे अधिक हवेवर रेटा देता येणे. पुष्कळ हवा हळू लोटणे हे थोडी हवा जोराने लोटण्यापेक्षा किफायतीचे असते, हे तत्त्व त्यात गर्भित आहे. १९०३ च्या विमानाचे प्रोपेलर दोन पात्यांचे व सुमारे २.६ मीटर व्यासाचे होते. इंजिनाची गती साखळीने घटवून ते मिनिटाला साधारण ३५० फेरे घेत.

मर्यादा : पात्यांची संख्या किती असावी आणि व्यास कोठवर वाढवावा, याविषयी मात्र लेख मौन बाळगतो. त्या प्रोपेलरच्या टोकाचा वेग सेकंदाला ५० मीटरांहून कमी असल्याने व्यासाच्या मर्यादेचा प्रश्न तीव्र झालाच नव्हता. सेसना १७२ एस या चार आसनी विमानाचा ७६ इंची, दोन पात्यांचा प्रोपेलर मिनिटाला २,७०० फेरे घेतो, तेव्हा टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २७३ मीटर होतो. टोक ध्वनिवेगाजवळ जाऊ लागले की हवेचा रोध व आवाज दोन्ही वाढतात. शिवाय टोक व जमीन यांत पुरेसे अंतर राखावे लागते. व्यास असा अडला आणि इंजिनाची शक्ती वाढली, तर ती सामावून घेण्यासाठी पाती रुंद करावी लागतात किंवा वाढवावी लागतात. ब्रिटनचे स्पिटफायर १९३६ मध्ये दोन पात्यांनिशी उडाले. इंजिन सुमारे १,००० वरून २,००० अश्वशक्तीपलीकडे गेले, तेव्हा ती पाच झाली.

समारोप : ‘दोन पाती सर्वांत कार्यक्षम’ आणि ‘पाती जास्त तर रेटा जास्त’ ही दोन्ही विधाने अर्धसत्य ठरतात. आधी शक्ती, फेरे व उड्डाणाचा वेग, त्यावरून व्यास आणि अखेरीस पाती, असा निर्णयाचा स्थूल क्रम आहे. वजन व खर्च पाहून तो पुन्हा तपासावा लागतो. राइट बंधूंच्या लेखात हा संपूर्ण क्रम नाही. परंतु सूत्र हाती नसताना विचार कसा करावा, हे तो दाखवितो. सूत्रे पाठ करून घेण्यात रमलेल्या अध्यापनाला आजही त्याची गरज आहे.