आवलीची चूल

प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ सालचा, दामले-फत्तेलाल यांचा. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा सर्वांच्या डोळ्यांपुढे आहेत. पण माउलीहो, त्यात मला थोर वाटते ती गौरी यांची आवली. लेकरू आजारी, घरात दाणा नाही, म्हणून ती देवळात जाऊन विठोबावरच वहाण उगारते. हल्लीच्या संतमालिकांत तेजोवलय फिरते, चमत्कार घडतो. भूक मात्र क्वचितच दिसते. रिकामी चूल पाहिल्यावाचून तुकोबांचे वैराग्य कळावे कसे? नांदगावच्या माळकऱ्यांनी नातवंडांना जवळ घेऊन हा चित्रपट जरूर दाखवावा. शेवटी तुकोबा विमानात बसून वैकुंठाला जातात, आवली संसारात मागे राहते. आपण बहुतेक जण तिच्याच शेजारी उभे आहोत.